गावाने शाळा राखली

(माणदेशातील एका खेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत पालक आणि गावकरी यांची सभा भरली होती. त्या सभेत मुख्याध्यापकांनी हे भाषण केले. साक्षरता वर्गातील बंधू-भगिनींना ते स्वतः वाचता यावे म्हणून येथे छापले आहे.)



सभा म्हटली की लोकांना वाटते, आता वर्गणी मागणार. आज तसे काही नाही. आज आम्ही शाळेचे शिक्षक तुमचे आभार मानायला उभे आहोत. एक मागणे आहे, पण ते शेवटी सांगू. आणि ते पैशाचे नाही.

आभार कशाचे? कोरोनाच्या वर्षाचे. २०२० ते २०२१ हे शाळेचे वर्ष तुम्हांला आठवते ना? त्या वर्षी चार माणसांनी एकत्र जमायलाही बंदी होती. मग सभा कुठली आणि भाषण कुठले! पुढे शाळा सुरू झाली आणि जो तो आपल्या कामाला लागला. पण त्या वर्षी या गावाने जे केले, ते कुठे तरी नीट सांगितले पाहिजे. नाही तर उद्या मुले म्हणतील, "शाळा बंद होती, एवढंच आम्हांला ठाऊक." शाळा बंद होती हे खरे. पण ती राखली कोणी, हेही मुलांना कळले पाहिजे.

शाळेला कुलूप लागले

मार्च २०२० चा मध्य होता. परीक्षा तोंडावर आली होती. तोच हुकूम आला की शाळा बंद ठेवा. २५ मार्चपासून सगळ्या देशातच टाळेबंदी सुरू झाली. एस.टी. थांबली, रेल्वे थांबली, आठवड्याचा बाजार थांबला. वार्षिक परीक्षा न देताच पहिली ते आठवीची मुले वरच्या वर्गात गेली.

आम्हांला वाटले, महिन्या दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पण तसे झाले नाही. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला उघडले, आणि दुसरी लाट आली तेव्हा पुन्हा बंद झाले. पहिली ते चौथीचे वर्ग खेड्यांत १ डिसेंबर २०२१ ला उघडले. हिशेब करून पाहा. वीस महिन्यांच्या वर झाले की नाही? ज्या मुलाचे नाव जून २०२० मध्ये पहिलीत घातले, ते मूल शाळेत पहिल्यांदा बसले तेव्हा दुसरीत होते!

शेतात पेर चुकली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. मुलाचे वय मात्र थांबत नाही. सहा वर्षांचे मूल पुढच्या वर्षी सात वर्षांचे होणारच. हीच आमची मोठी काळजी होती.

मुंबईची माणसे शाळेत राहिली

आपल्या माणदेशात पाऊस कमी. म्हणून घरटी एखादा माणूस पोटासाठी बाहेर असतो. कोणी मुंबईला माथाडी कामगार आहे, कोणी परराज्यात सोने-चांदी गाळण्याच्या गलाईच्या धंद्यात आहे. मे २०२० मध्ये ही माणसे गावाकडे परतू लागली. काम बंद, खोलीचे भाडे थकलेले, आणि मुंबईत तर रोगाची साथ जोरात. जाणार कुठे? माणूस संकटात गावाकडेच येणार.

गावात मात्र भीती पसरली. वेशीवर काट्याकुट्या पडल्या. काही जण म्हणाले, "त्यांना गावात घेऊ नका." त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणत नाही. घरात म्हातारी माणसे होती, लहान लेकरे होती. साथीचा रोग कोणाला ओळखत नाही.

तेव्हा पंचायतीच्या कट्ट्यावर, लांब लांब बसून, बोलणे झाले. एक म्हातारे आबा म्हणाले, "प्लेगात आपली माणसं गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायची. पण एकमेकांची भाकरी बंद नव्हती केली कुणी." त्या एका बोलण्याने निकाल लागला. आलेल्या माणसांनी चौदा दिवस शाळेत राहायचे, गावाने त्यांना जेवण पुरवायचे, असे ठरले.

शाळेच्या खोल्या उघडल्या. बाके एका बाजूला लावली. रोज दोन्ही वेळा फाटकाबाहेर भाकरीची दुरडी आणि कालवणाची किटली ठेवली जाई. ज्यांच्या घरचे कोणी मुंबईला नव्हते, त्यांच्या घरूनही भाकरी येत होत्या. ज्यांनी "घेऊ नका" म्हटले होते, त्यांच्या घरची दुरडी पाचव्या दिवशी आली. आम्ही ती पाहिली आणि मनात नमस्कार केला.

आता ती माणसे चौदा दिवस काय करणार? त्यांनी शाळेचे पटांगण सपाट केले. मोडकी बाके ठोकून दिली. त्यांत एक जण मुंबईला रंगकाम करणारा होता. तो म्हणाला, "गुरुजी, रंग आणून द्या. गावच्या अन्नाचं ओझं वाटतंय." त्याने शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर बाराखडी काढली, पाढे काढले. पुढे चौदा दिवस संपल्यावर तो प्रत्येक आळीत गेला आणि ज्याने भिंत दिली त्याच्या भिंतीवर अक्षरे काढत सुटला.

सोलापूर शहरात निलमनगर भागातही शिक्षकांनी असेच घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. येता जाता मुले वाचत. आपल्या गावात तेच काम मुंबईहून आलेल्या एका रंगाऱ्याने केले. ज्याला वेशीवर अडवणार होतो, तोच आपल्या मुलांचा मास्तर झाला!

मोबाइल नव्हता, ओसरी होती

तेव्हा सगळीकडे एकच बोलणे होते. शिक्षण मोबाइलवर होणार. शहरात ते काही प्रमाणात झालेही. पण आपल्याकडे? आम्ही घरोघर जाऊन विचारले. निम्म्याहून अधिक घरांत तसला मोबाइल नव्हता. जिथे होता तिथे तो बापाच्या खिशात. बाप रानात, आणि मोबाइलही रानात. रिचार्ज करायचे तर दोन दिवसांच्या किराण्याचे पैसे जात. वाडीवर तर टेकडीवर चढल्याशिवाय आवाजच येत नसे.

जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाचा कार्यक्रम लागू लागला. त्यात इयत्तेप्रमाणे पाठ असत. ज्यांच्याकडे दूरदर्शन संच होता, त्यांनी तो शेजारच्या मुलांसाठी दाराशी आणून ठेवला. मुले अंगणात अंतर ठेवून बसत. हे आम्ही कोणाला सांगितले नव्हते. लोकांना आपणहून सुचले.

मग आम्ही आळीवार गट पाडले. वरच्या आळीची मुले देवळाच्या मंडपात. खालच्या आळीची मुले एका ओसरीवर. वाडीची मुले चिंचेखाली. एका गटात पाच-सहा मुले, तोंडाला फडके, हात धुवायला पाण्याची बादली. आम्ही शिक्षक चौघे. एका दिवशी किती ठिकाणी पुरणार? शिवाय आमच्यावर साथीची कामेही होती. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राज्यभर सुरू झाली. तेव्हा आशाताई घरोघर फिरत आणि ताप तपासत. आम्ही त्यांच्याबरोबर नोंदी घेत असू.

या अडचणीत गावच्या शिकलेल्या मुली पुढे आल्या. त्यांची कॉलेजे बंद होती. पाच मुलींनी एक एक गट वाटून घेतला. कोणी पगार दिला नाही, कोणी हार घातला नाही. सकाळी घरचे शेण-पाणी उरकायचे, मग दोन तास मुलांना शिकवायचे, मग रानात खुरपायला जायचे. त्यांतली एक मुलगी आज शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. ती म्हणते, "मला शिकवायला येतं हे मला त्या वर्षी कळलं."

आणि देवळाचा भोंगा! रोज सकाळी आठ वाजता भोंग्यावरून एक पाढा आणि एक गोष्ट होई. गोठ्यात दूध काढणारी बाईही तो पाढा ऐके. एकोणतिसाचा पाढा गावातल्या म्हाताऱ्यांनाच चांगला येत होता, हे त्या वेळी मुलांना समजले. म्हातारे भोंग्यावर आले आणि त्यांनी पावकी, निमकी, दीडकी म्हणून दाखवली. मुले थक्क झाली!

जिला वाचता येत नव्हते, तिने वाचून घेतले

आता जे सांगतो ते जरा लक्ष देऊन ऐका.

खालच्या आळीत एक आई आहे. त्या वेळी तिला एक अक्षर येत नव्हते. तिचा मुलगा तिसरीत होता. आम्ही त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा संध्याकाळ होती. ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मुलगा जवळ बसून मोठ्याने धडा वाचत होता. मध्येच ती म्हणाली, "थांब. ते परत वाच." त्याने परत वाचले. आम्हांला आश्चर्य वाटले. आम्ही विचारले, "आक्का, तुम्हांला वाचता येत नाही. मग तो चुकला हे तुम्हांला कसं कळलं?"

ती म्हणाली, "गुरुजी, मला अक्षर कळत न्हाई. पण पोराचा आवाज अडखळला की मला कळतं. जिथं अडखळतो तिथं मी त्याला तीनदा वाचायला लावते."

मंडळी, आम्ही इतकी वर्षे शिकवतो आहोत. पण ही शिकवण्याची रीत आम्हांला कोणत्या पुस्तकात मिळाली नव्हती. ती आम्ही त्या चुलीपुढे शिकलो. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक घरी जाऊन तेच सांगितले. "तुम्हांला वाचता येत नसेल तरी चालेल. रोज अर्धा तास मुलाला मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही फक्त ऐका. अडखळले की परत वाचायला सांगा." कितीतरी आयांनी ते केले. कितीतरी आज्यांनी केले. एका आंधळ्या आजोबांनी आपल्या नातीकडून सगळे पुस्तक असे वाचून घेतले.

ती आई पुढे काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "रोज ऐकून ऐकून आता मलाच वाटाया लागलंय की ते काळं काळं काय हाय ते बघावं." ती साक्षरता वर्गात आली. आज ती सही करते, एस.टी.ची पाटी वाचते, बचत गटाची वही वाचते. हे भाषण छापून आले तर तीही ते वाचील. वाचताना अडखळली तर तिचा मुलगा म्हणेल, "आई, थांब. ते परत वाच!"

खिचडीचा तांदूळ

शाळेत मुलांना दुपारी शिजवलेले जेवण मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ. खात्यापित्या घरच्या माणसाला हे थोडे वाटेल. पण ज्या घरी हातावर पोट आहे, तिथे ही खिचडी म्हणजे मुलाचे एक वेळचे पुरते जेवण.

शाळा बंद, म्हणजे चूल बंद. मग सरकारने तांदूळ आणि कडधान्य कोरडेच वाटायला सांगितले. शंभर ग्रॅमप्रमाणे तीस दिवसांचे किती झाले? ३ किलो. हे तीन किलो प्रत्येक मुलाच्या घरी पोहोचायला हवे. ते पोहोचवले आपल्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावश्यांनी. त्यांचा स्वतःचा हात त्या वेळी तंग होता. तरी त्यांनी दाण्याचाही फरक पडू दिला नाही. तराजू मधोमध ठेवायचा, पालकाने स्वतः काटा पाहायचा, मग पिशवी भरायची. मेंढरे घेऊन लांब गेलेल्या दोन धनगर कुटुंबांचा वाटा त्यांनी वेगळा बांधून, नाव घालून ठेवला होता. ती माणसे परतली तेव्हा त्यांचा तांदूळ त्यांना मिळाला. त्यांतला एक बाप म्हणाला, "आमी रानोमाळ हिंडणारी माणसं. आमची आठवण ठेवली?"

गावाने नाव लक्षात ठेवले, म्हणून ती मुले मेंढरांमागे कायमची गेली नाहीत. परत आली ती शाळेत आली.

आजी आडवी आली

आता एक अवघड गोष्ट सांगतो. ती सांगताना कोणाचे नाव घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

टाळेबंदीत लग्ने थोड्या माणसांत होत. जेवणावळ नाही, मांडव नाही, खर्च नाही. म्हणून काही घरांत विचार सुरू झाला की एवीतेवी शाळा बंद आहे, मुलगी घरीच बसली आहे, स्वस्तात उरकून घ्यावे. आपल्या गावातही एका मुलीचे असे ठरत होते. ती नुकतीच सातवी पास झाली होती.

कायदा काय सांगतो? मुलीचे वय १८ आणि मुलाचे वय २१ पुरे झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. त्यासाठी २००६ सालचा कायदा आहे. असे लग्न ठरवणाऱ्याला आणि लावणाऱ्यालाही शिक्षा होते. ते रोखण्याचे काम खेड्यात त्या वेळी ग्रामसेवकांकडे होते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. हे सगळे सांगायला आम्ही त्या घरी गेलो होतो. पण आमचे सांगणे अर्ध्यावरच राहिले. कारण मुलीची आजीच उठून उभी राहिली.

ती आपल्या मुलाला म्हणाली, "माझं लगीन झालं तवा मला धड लुगडं नेसता येत नव्हतं. पंधराव्या वर्षी पयलं बाळंतपण. पोर गेलं, मी वाचले. पुन्हा या घरात त्ये नको."

बाप खाली मान घालून बसला. तो वाईट माणूस नव्हता. कर्जात होता आणि घाबरला होता. लग्न मोडले. शेजाऱ्यांनी कर्जाच्या एका हप्त्याला हातभार लावला. मुलगी पुढे तालुक्याच्या गावी हायस्कुलात गेली.

आम्ही त्या आजीचे आभार मानतो. आणि त्या शेजाऱ्यांचेही मानतो. कारण नुसता उपदेश करून मुलगी शाळेत राहत नाही. तिच्या घरची अडचण कोणी तरी थोडी वाटून घ्यावी लागते.

जे परत आले नाहीत

आभाराच्या भाषणात सगळे गोड गोड सांगण्याची रीत आहे. पण तुम्ही घरची माणसे. तुमच्यापासून काय लपवायचे?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली. आपल्या गावातलीही माणसे गेली. तिसरीतल्या एका मुलाचे वडील गेले. त्या घराला गावाने वर्षभर धान्य कमी पडू दिले नाही. शाळा समितीतल्या दोघा जणांनी त्या आईला बरोबर घेऊन बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. कागद कमी पडले, पुन्हा गेले. पुन्हा कमी पडले, पुन्हा गेले. असे हेलपाटे घालणे ही मोठी सेवा आहे. तिचा गाजावाजा होत नाही.

आणि दोन मुले शाळेतून सुटली. सातवीतली. घरची ओढाताण पाहून नातेवाइकांबरोबर परराज्यात गलाईच्या कामाला गेली. एकाला त्याच्या आईने परत आणले. दुसरा आला नाही. त्याचे नाव अजून आमच्या बोलण्यात निघते. वही पाहिली की त्याचे वळणदार अक्षर आठवते.

जी मुले आली, त्यांचेही नुकसान झाले होते. हे सगळ्या देशात झाले. 'असर' नावाची एक पाहणी खेड्यापाड्यांत होते. तिच्यात असे दिसले की २०१८ साली तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत होते. २०२२ साली ती संख्या सुमारे २० वर आली. म्हणजे शंभरात सात मुले मागे गेली. आपल्या शाळेतही चौथीच्या मुलांना जोडाक्षरे नव्याने शिकवावी लागली. ज्या मुलांना घरी रोज कोणी तरी वाचायला बसवले होते, ती लवकर सावरली. ज्यांना कोणी बसवू शकले नाही, त्यांना वर्ष दीड वर्ष लागले. हा फरक हुशारीचा नव्हता. फरक होता तो जवळ बसणाऱ्या माणसाचा.

हे आपल्या मातीतच आहे

गावाने शाळा राखावी ही गोष्ट आपल्या सातारा जिल्ह्याला नवी नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली याच जिल्ह्यातल्या नायगावचा. मुलींना शिकवताना त्यांनी लोकांचा त्रास सोसला. पुढे पुण्यात प्लेग आला. त्या घरात बसल्या नाहीत. रुग्णांची सेवा करता करता त्यांना तोच रोग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शिकवणे आणि साथीत माणसाजवळ उभे राहणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. गळ्यातले मंगळसूत्रसुद्धा दिले.

आणि १९५९ साली याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे, सगळा गाव साक्षर करायचा, असा तो निश्चय होता. रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरत. पुढे ती मोहीम राज्यभर पसरली. तुमच्या आज्या-पणज्यांपैकी कोणी तरी त्या कंदिलाखाली बसली असेल.

तेव्हा कोरोनाच्या वर्षी तुम्ही जे केले, ते याच रांगेतले आहे. म्हण आहे ना, 'गाव करील ते राव काय करील'? ती म्हण आम्ही त्या वर्षी डोळ्यांनी पाहिली.

आमचे एक मागणे

तर मंडळी, आभार कसे मानायचे? शाल-नारळ आणले तर कोणाकोणाला द्यायचे? दुरडी पाठवणाऱ्याला, भिंत देणाऱ्याला, रंगाऱ्याला, पाच मुलींना, आशाताईंना, तांदूळ तोलणाऱ्या मावश्यांना, आजीला, चुलीपुढच्या आईला? नारळ पुरणार नाहीत. आणि तुम्ही ते नारळासाठी केलेही नाही.

म्हणून आम्ही आभार असे मानतो. त्या वर्षी तुम्ही आमची जागा सांभाळली. आता शाळा उघडी आहे, म्हणून तुमचे काम संपले असे आम्ही म्हणणार नाही. या शाळेत तुमची जागा कायम आहे.

ही जागा कायद्यानेही दिलेली आहे. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात. आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. पण पुष्कळदा काय होते? सभेची नोटीस येते, आई अंगठा उठवते किंवा बाप सही करून देतो, आणि सभेला खुर्च्या रिकाम्या.

आमचे मागणे हेच आहे. सभेला या. आता तुम्हांला वाचता येते. नोटीस स्वतः वाचा. तांदळाची वही मागा आणि तिच्यातले आकडे पाहा. किती मुले आली, किती तांदूळ शिजला, किती उरला, हे वाचून विचारा. आम्हांला राग येणार नाही. उलट बरे वाटेल. कोरे पान पुढे करून सही मागितली, तर सही करू नका. मग मागणारे आम्ही असलो तरीसुद्धा!

आणि घरी रोज अर्धा तास मुलाजवळ बसा. मोबाइल आता घरोघर झाला आहे. पण मूल अडखळले की "परत वाच" म्हणायला माणूसच लागतो.

पुन्हा तशी वेळ येऊ नये. पण साथ येईल, दुष्काळ येईल, पूर येईल, काय सांगावे? पुढे जे शिक्षक या शाळेत येतील, त्यांना आम्ही एवढेच सांगून जाऊ. कुलूप लागले तरी घाबरू नका. या गावात ओसऱ्या आहेत, आणि त्या ओसऱ्यांवर बसणारी माणसे आहेत.